‘स’चा बस्ता

लातूरला खोली बघायला गेले तेव्हा मन्मथअप्पांनी मला भाडं सांगितलं नाही, आडनाव विचारलं नाही, रात्री दार किती वाजता लागतं तेही सांगितलं नाही. ते ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. मान वर न करता म्हणाले, "च वरून इतिहासातल्या चार मोठ्या गोष्टी सांग."

माझ्या एका हातात पत्र्याची पेटी होती, दुसऱ्या हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शहरात खोली अशीच परीक्षा घेऊन देत असतील, असं मला वाटलं. विचारायचा धीरही झाला नाही.

"चंपारण," मी म्हणाले.

"एक."

"चौरीचौरा."

"दोन. पेटी खाली ठेव, हात दुखंल."

"चले जाव."

"तीन."

चौथं काही केल्या आठवेना. अप्पांनी तांब्या माझ्याकडं सरकवला. "पाणी पी." मी दोन घोट प्यायले. "आणखी पी. पाणी हाय ते, पाणी. पाण्यावर सगळ्यांचा हक्क हाय." मी अर्धा तांब्या संपवला तरी डोक्यात काही येईना. शेवटी पेटी उचलून वळले, आणि मग एकदम उजेड पडला.

"चवदार तळे!"

"आत्ता कसं!" अप्पांनी शेंगा फोडलेले हात झटकले. "पंचवीस वर्षांत देश चार बारी उठला, अन् चारी बारीला एकाच अक्षरानं हाक मारली. वरची खोली तुझी. गाव कोणतं?"

"रेणापूरच्या जवळ..."

"मग तू रेणापूर."

त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव रेणापूर. माझ्या खोलीत शिरूर अनंतपाळची एक मुलगी आधीपासून राहत होती. ती अर्थात शिरूर. तिनं मला रात्री जेवताना सांगितलं, "अगं, त्या परीक्षेत आजवर कुणीच नापास झालेलं न्हाई. उत्तर येत नसलं की ते खाणाखुणा करतात. मला द वरून विचारलं होतं. मी गप्प बसले तर आतून मीठ आणून हातावर ठेवलं. तरी मला दांडी आठवली न्हाई, मी मीठ चाटून बसले."

अप्पांची नोकरी नांदेडला झाली, एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये. जमिनीची जुनी कागदपत्रं लाल कापडात बांधलेली असतात, त्या गठ्ठ्याला बस्ता म्हणतात. गावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणं बस्ते लावायचे, कुणी नक्कल मागितली की काढून द्यायची, परत जागेवर ठेवायची. हे काम अप्पांनी जन्मभर केलं. "चुकीच्या बस्त्यात गेलेला कागद म्हंजी जिता माणूस विहिरीत टाकल्यावानी," असं ते म्हणतात. निवृत्त होऊन लातूरच्या या घरात आले, पण हाताला बस्ता बांधायची सवय राहिलीच. मग त्यांनी जगाचा इतिहास बांधायला घेतला. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर लाकडी फळ्या आहेत आणि त्यांवर अ पासून ज्ञ पर्यंत लाल बस्ते. वर्तमानपत्रांची कात्रणं, जुन्या पुस्तकांची पानं, हातानं उतरवून घेतलेले उतारे, जे असेल ते घटनेच्या पहिल्या अक्षराप्रमाणं आत.

"पण अप्पा, इतिहास सनावळीनं लावतात ना?" मी भीतभीत विचारलं होतं.

"सन काय, भिंतीवरच्या कॅलेंडरात बी असतो. ते दरवर्षी फाडून टाकतो का न्हाई आपण? अक्षर कुणी फाडतं का?"

 

त्यांच्या लेखी प्रत्येक अक्षराला स्वभाव असतो. प भांडखोर. "पानिपत, प्लासी, पहिलं महायुद्ध. प चा बस्ता सोडला की डोकंच फुटतं बघ." त्यातही पानिपतला ते शेताच्या हिशोबानं गट नंबर देतात. गट नंबर एक, गट नंबर दोन, आणि गट नंबर तीन म्हणताना आवाज उतरतो. "तीन नंबर आपल्या हातचा गेला." जणू काल-परवाच बांधावरून वाद होऊन गेला असावा. ब चा बस्ता इतका फुगलाय की त्याला दोन दोऱ्या लागतात. बक्सार, बार्डोली, बांगलादेश, बर्लिनची भिंत. चले जाव वर त्यांचा जीव आहे, पण त्यालाच काही लोक भारत छोडो म्हणतात, हे त्यांना मुळीच पटत नाही. "एका रानाचे दोन सातबारे? ही तर बोगस नोंद झाली." भ च्या बस्त्यात त्यांनी नुसती चिठ्ठी घालून ठेवली आहे, ‘च मध्ये पाहावे’.

आणि ण. ण वरून जगात काहीच घडलेलं नाही. तरी फळीवर ण चा बस्ता आहे. रिकामं कापड, वर दोरी, व्यवस्थित गाठ.

"यात काय आहे, अप्पा?"

"काई न्हाई."

"मग बांधून का ठेवलाय?"

"घडलं एखांद्या दिवशी तर? ऐनवेळी कापड कुठून आणायचं?"

बाजाराला गंजगोलाईत जातानाही अक्षर सोबत असतंच. आज ब म्हटलं की बटाटे, बीट, बोरं. भेंडी कितीही कोवळी असली तरी मिळत नाही. भाजीवाली मावशी त्यांना लांबूनच ओळखते. "अप्पा, आज काय हाय?" "आज ग." "मग गवार घ्या, गाजर घ्या, अन् गप घरला जावा." हे गप घरला जावा त्यांना इतकं आवडलं की घरी येईपर्यंत ते हसत होते. मावशीच्या सगळ्या बोलण्यात तीन ग होते का चार, हे मी आणि शिरूर संध्याकाळपर्यंत मोजत बसलो.

त्यांच्या संगतीचा मला एकदा फटका बसला. वर्गात सरांनी विचारलं, "दांडीयात्रेनंतर काय झालं?" मी उभी राहिले आणि ठणकावून म्हणाले, "दुसरं महायुद्ध." वर्ग हसला. मला रडू आलं. घरी येऊन अप्पांना सांगितलं तर ते सरांवरच नाराज झाले. "चुकलं काय? शेजारी शेजारीच हायत की! मीठ अन् बॉम्ब एका बस्त्यात. मी स्वतः बांधलेत."

आता जी गोष्ट मला कळत नव्हती, ती सांगते.

अप्पांचे बस्ते र पर्यंतच भरलेले होते. त्यांवरचं कापड मळलेलं, दोऱ्या तेलकट. ल पासून पुढं मात्र कापड कोरं करकरीत. ते पुढचं अक्षर कुणाला विचारतही नसत. एकदा परीक्षेच्या तयारीत मी हौसेनं म्हणाले, "अप्पा, स घ्या ना. सत्तावनचा उठाव, सायमन कमिशन, सविनय कायदेभंग, स्वातंत्र्य. माझा अर्धा पेपर स मध्येच आहे."

"स अजून आला न्हाई," अप्पा म्हणाले आणि शेंगा फोडायला लागले.

शिरूरनं याची मोठी थट्टा केली होती. "बघ गं, ह्यांच्या घरात फ चा बस्ता भरलाय, म्हंजी फाळणी झाली. पण स आलाच न्हाई. देश अजून स्वतंत्र व्हायचाय!" आम्ही तोंडावर ओढणी धरून हसायचो. र पर्यंतच्या प्रत्येक बस्त्यावर अक्षराची चिठ्ठी शिवलेली होती आणि तिच्यावरचं अक्षर वाकडंतिकडं, लहान मुलानं काढल्यासारखं. त्यालाही आम्ही हसायचो. जन्मभर सरकारी कागद सांभाळलेल्या माणसाचं अक्षर असं?

मग माझी आई यायची ठरली. तिची दाढ दुखत होती, ती लातूरला काढायची होती. दोन दिवस माझ्याकडंच राहणार. अप्पांचा नियम असा की घरात मुक्काम करणाऱ्या पाहुण्यानं एक अक्षर सोडवायचं. शिरूरच्या मामांनासुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं.

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. हे मी लातुरात कुणाला सांगितलं नव्हतं, शिरूरलाही नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, हे मला कळतं. तरी मी लाजत होते, हे खरं आहे. कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही असते तिथं मी नेहमी वडलांचीच घ्यायचे.

स्टँडवरून येताना रिक्षात मी आईला पाठ करून घेतलं. "म्हातारे विचारतील. तू म्हण, प ला पानिपत आणि द ला दांडी. दुसरं कायबी विचारलं तर दाढ दुखते म्हण."

गाल धरून आई म्हणाली, "दाढ दुखतीच हाय की. त्यात लबाडी कोणती?"

अप्पा ओट्यावरच होते. "या ताई, बसा. कोणतं अक्षर घेता?"

आईनं पदर सावरला, खाली बसली आणि सरळ सांगून टाकलं. "अप्पा, मला अक्षर येत न्हाई. पोरीनं पानिपत अन् दांडी पाठ करून घेतलंय. पर कोणतं कुणाचं, ते रिक्षातच विसरले."

मी जमिनीकडं बघत राहिले.

"एकबी अक्षर येत न्हाई?" अप्पांनी विचारलं.

"एकबी न्हाई. एसटी बी माणसाला विचारून धरती. मागं एका बाबाला विचारलं, ही लातूरची का? तो म्हणला, हाव, मीबी लातूरलाच चाललोय. त्यालाबी वाचता येत नव्हतं. दोघं मिळून अंबाजोगाईला गेलो."

अप्पा हसतील असं मला वाटलं. ते उठले, आत गेले आणि ण चा बस्ता घेऊन आले. चिठ्ठीवरच्या वाकड्या ण वर त्यांनी बोट ठेवलं.

"हे आमच्या गिरिजेचं अक्षर. मी दिवसभर कागदात, अन् घरात बायकोला वाचता येईना. नांदेडच्या क्वार्टरमधी पाटी आणली, म्हणलं शीक, क कमळाचा. तर म्हणली, कमळ घिऊन मला काय करायचंय? कोण कुणाशी भांडलं ते सांगा. मग क ला कलिंगची लढाई सांगितली. आख्खी ऐकली, अन् म्हणली, इतकी माणसं मारल्यावर अक्कल आली व्हय राजाला? अन् तवा तिनं क काढला. मग रोज हेच. अक्षर आलं की चिठ्ठी तिनं लिवायची, बस्ता मी बांधायचा. ण ला काईच न्हाई म्हणलो, तर म्हणली, असू द्या, रिकामा ठिवा, घडंल कवातरी."

म्हणजे इतिहास त्यांनी निवृत्तीनंतर बांधायला घेतला नव्हता. ओझं नुसतं नांदेडहून उचलून आणलं होतं.

"र तिला दवाखान्यात सांगितला," अप्पा म्हणाले. "रशियाची क्रांती. कॉटवर बसून चिठ्ठी लिवली. दुसऱ्या दिवशी मी ल घिऊन गेलो..." त्यांनी एक शेंग उचलली. ती आधीच फोडलेली होती. ती ते पुन्हा फोडायला लागले. "ल तसाच वापस घिऊन आलो."

शिरूर दारात उभी होती, ती हळूच आत सरली.

मग आई म्हणाली, "तो ल मला सांगा की, अप्पा. वापस आलाच हाय तर वाया कशाला घालवायचा?"

आमच्या घरी भाकरीचा तुकडासुद्धा ती असंच म्हणून उचलते.

अप्पांनी हातातली शेंग खाली ठेवली. "ल ला लखनौ करार हाय. दोन भावकी लई दिस तोंड फिरवून होत्या. त्या एका बैठकीला आल्या."

"म्हंजी भांडण न्हाई?"

"न्हाई. मिटवामिटव हाय."

"बरं झालं. दाढंला तेवढीच उसंत."

करार सांगायला त्यांनी तासभर घेतला. आईनं मध्ये मध्ये इतके प्रश्न विचारले की तेवढे मी दोन वर्षांत सरांना विचारले नाहीत. मग अप्पांनी पाटी आणली आणि ल काढून दाखवला. आई त्याच्याकडं मान वाकडी करून बघत राहिली.

"हे तर खुंट्याला दावं बांधलंय," ती म्हणाली.

आणि तिनं चिठ्ठीवर तसंच काढलं, आधी खुंटा, मग दाव्याची वेटोळी. पहिलं अक्षर होतं, वाकडंच आलं. फळीवरच्या चिठ्ठ्यांच्या रांगेत ते अजिबात वेगळं दिसत नव्हतं.

महिन्याभरानं सकाळी तिचा फोन आला. मागं एसटीचा खडखडाट. "पोरी, मी निघाले. कुणाला इचारलं न्हाई. तीन गाड्या सोडल्या. चौथ्या गाडीच्या पाटीवर खुंट्याला दावं बांधलेलं दिसलं, अन् बसले."

मी धावत खाली जाऊन अप्पांना सांगितलं. ते लगेच उठले. आत गेले, व चा बस्ता काढून झटकला आणि मला म्हणाले, "वसईची मोहीम हाय. त्यात भांडण भरपूर हाय म्हणावं, काळजी करू नको."

आता व झाला, श निम्मा झालाय. दाढ कधीच निघाली, तरी आई महिन्याला येते. यंदा फॉर्मवर मी तिची सही घेणार आहे, आणि तिच्या नावातली अक्षरं तिला अजून येत नसतील तर ती शिकून होईपर्यंत थांबेन. ष मध्ये ण सारखंच काही नाही, तो एका चहात होईल. मग स. शिरूर म्हणते, त्या दिवशी ओट्यावर झेंडा लावायचा.

"घाई न्हाई," अप्पा परवा म्हणाले. "देश इतकी वर्षं थांबला, आणखी महिनाभर थांबंल."

पण काल मी फळी पुसायला गेले तेव्हा बघितलं, स च्या बस्त्याची गाठ त्यांनी आत्ताच सोडून ठेवली आहे.