लाडो झोपली तर काम होईल

जुना संगणक दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्रात राहिला तर केंद्र चालवणाऱ्या आफशीनचा फायदा काय होता, ते आधीच मांडून ठेवू. पुढे कुणाची दया येऊ लागली तर हिशेब हाताशी असलेला बरा. सकाळी बटण दाबल्यावर तो संगणक जागा होईपर्यंत एक कडक चहा, दोन खारी आणि अम्मीकडून शेजारच्या घरातली एक अख्खी भानगड ऐकून होई. शिवाय त्याच्या कीबोर्डवरची अक्षरं तिच्याच बोटांनी पुसली गेली होती. म्हसावदमध्ये दुसरं कुणी त्यावर स्वतःचं नावसुद्धा टाइप करू शकत नव्हतं, आणि नोकरीला याहून पक्की हमी अजून कुठल्या खात्याने दिलेली नाही. तिसरा फायदा लाडोचा. लाडो म्हणजे केंद्रातली भुरी, गुबगुबीत मांजर. जुन्या मॉनिटरच्या पाठीला कुबड होतं आणि कुबडावर ऊब होती, त्यामुळे ती दिवसभर तिथे झोपे.

कुणी विचारलं तर आफशीन फक्त तिसरा फायदा सांगायची.

आता यातली खरी गोम अशी, की लाडोच्या झोपेवर अर्धा डोंगर अवलंबून होता. केंद्र रस्त्याला लागून. वरच्या पाड्यांतून उतरणाऱ्या जीपा दारासमोर हळू होत आणि आतले, मागे लटकलेले, टपावरचे सगळे काचेतून मॉनिटरकडे बघत. लाडो वर असेल तर संगणक तापलेला आहे, म्हणजे वीज आहे, म्हणजे सर्व्हर आहे, उतरा. लाडो नसेल तर जीप तशीच शहाद्याच्या बाजाराला. सर्व्हर गेला की आफशीन लगेच संगणक बंद करून उरलेला चहा प्यायला आत घरात जाई, त्यामुळे हा अंदाज सहसा चुकत नसे. डोंगरातल्या रमिलाबाईला पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागे. तीसुद्धा आधी मांजर बघायची आणि मगच जीपवाल्याला थांब म्हणायची.

अशा सुरळीत कारभारात जिल्हा संगणक सुसूत्रता कक्षाचे समन्वयक पवन साहेब नवा लॅपटॉप घेऊन आले. सज्जन माणूस. आकडा दिसला की हात जोडणारा.

“हा चालू व्हायला किती वेळ लागतो, सर?” आफशीनने विचारलं.

“वेळ कसला? झाकण उघडलं की चालू. आणि तुम्ही काम करताय का बसलाय, ते आम्हाला तिकडे दिसतं.”

आफशीनच्या डोळ्यांसमोरून खारी गेली. चहा गेला. तिने फार प्रेमाने लाडोकडे पाहिलं.

“माझं काही नाही, सर. पण या मुक्या जीवाने कुठे बसायचं?”

लोक मांजर बघून येतात, हेही तिने सांगितलं. साहेब हसले. मांजराच्या बैठकीची तरतूद कुठल्याही शासन निर्णयात नाही, असं म्हणून त्यांनी जुना संगणक मागच्या खोलीत ठेवायला लावला.

लाडोने दोन्ही खोल्या फिरून पाहिल्या. ऊब फक्त लॅपटॉपच्या कीबोर्डवर होती, म्हणून ती तिथे आडवी झाली. आफशीनने तिला उठवलं नाही, मुका जीव. बाहेरून जीपा जात राहिल्या, कुबडावर मांजर दिसेना, कुणी उतरेना. लाडोच्या पोटाखाली मात्र बटणं अखंड दाबली जात होती. कक्षाच्या पडद्यावर म्हसावद केंद्र चमकू लागलं: कार्यमग्नता जिल्ह्यात सर्वोच्च, लाभार्थी निरंक.

एखाद्या केंद्राने इतकं काम करून कुणाचंच काम केलेलं नाही, हे कक्षाच्याही अनुभवात विरळा होतं. पवन साहेब तपासणीला आले. त्यांनी मांजर पाहिली, रिकामं बाकडं पाहिलं, आणि प्रयोग म्हणून जुना संगणक पुन्हा दर्शनी भागात चालू करून ठेवला. लाडो कुबडावर गेली. पुढची जीप थांबली आणि अख्खी रिकामी झाली.

आफशीनला वाटलं, जिंकलो. पण प्रामाणिक अधिकाऱ्याला पुरावा सापडला की त्याला आवरणं कठीण. आठवडाभरात परिपत्रक निघालं. प्रत्येक केंद्राने दर्शनी भागात एक ‘जिवंत स्थितिदर्शक’ बाळगावा, जुना संगणक केवळ त्याच्या आसनासाठी राखावा आणि चालकाने लॅपटॉपवरच काम करावं. म्हणजे आफशीनने ज्या संगणकासाठी एवढा आटापिटा केला, तो कागदोपत्री लाडोच्या नावे झाला.

धानोऱ्याचं केंद्र चालवणाऱ्या दिनेशकडे मांजर नव्हती. त्याने बायकोकडून कापडाची शिवून घेतली. ती रात्रंदिवस झोपलेली असल्यामुळे वीज गेली तरी लोक उतरायचे आणि मग दिनेशला त्याच्या सात पिढ्यांसकट आठवायचे. नदीकाठच्या मणिबेली केंद्रासाठी बोटीने मांजर पाठवली. बोटीत मासे होते, ती किनाऱ्यावर उतरायलाच तयार होईना. तक्रारी वाढल्या तेव्हा कक्षाने दुरुस्ती काढली. खऱ्या मांजराचा, आसनावर झोपलेल्या अवस्थेतला, ठिकाणासह फोटो रोज सकाळी चढवावा. त्याशिवाय काम उघडणार नाही.

मांजर कुणाच्या आदेशाने झोपत नाही, हे घरात मांजर असलेल्याला सांगावं लागत नाही. कक्षात कुणाच्या घरी मांजर नव्हती. आफशीनचा चहा झाकून राहू लागला. ती लाडोला थोपटे, अंगाईसुद्धा म्हणे, आणि लाडो डोळे टक्क उघडे ठेवून तिच्याकडे बघे.

पेन्शन थांबायच्या बेतात रमिलाबाई आली. लाडो कुबडावर होती म्हणूनच ती उतरली. मांजर जागी आहे हे आत आल्यावर कळलं. मागच्या खेपेलाही हेच झालं होतं. वीज होती, सर्व्हर होता, रमिलाबाईचा अंगठाही झिजून झिजून का होईना, होता. लाडो निवांतपणे पंजा चाटत होती.

“माय, तू जित्ती शेस हाई माले दिसी ऱ्हायनं,” आफशीन म्हणाली. “पन लाडो झोपाव नही तोवर माले लिखता येत नही.”

रमिलाबाईने मांजराकडे पाहिलं, आफशीनकडे पाहिलं, आणि पायातल्या चपला काढल्या.

“तिले उतार,” ती म्हणाली. “मी झोपस तठे. मन्हा फोटू काढ.”

या विनंतीची तरतूद नव्हती. आफशीनने साहेबांना फोन करून विचारलंसुद्धा. साहेबांनी परिपत्रक पुन्हा वाचून पाहिलं. मग म्हणाले, लाभार्थी आणि स्थितिदर्शक एकच व्यक्ती असू शकत नाही. शेवटची जीप आली. रमिलाबाईने चपला घातल्या आणि ती गेली. जीप वळणाआड होते न होते तोच लाडोने जांभई दिली आणि ती गाढ झोपली.

तर आता बेरीज. लाडोला संगणक मिळाला. पवन साहेबांना नवोपक्रमाचं प्रशस्तिपत्र मिळालं, त्यावर लाडोचाच फोटो आहे. आफशीनचा संगणक गेला, सकाळचा चहा गेला. पण थंड चहा प्यायची सवय होते. रमिलाबाई अजून जिवंत आहे, फक्त कागदावर नाही, आणि सगळ्यांचं बिल भरलं ते तिने.

तुम्ही हसलात, ठीकच आहे. पण मागच्या वेळी खिडकीतून ‘आज होणार नाही’ असं ऐकून तुम्ही निमूट घरी गेलात, तेव्हा आत कोण जागं होतं, हे विचारलं होतं का? रमिलाबाईने निदान चपला तरी काढल्या.