हरीभाऊंचा विनाथांबा

सरोजच्या पानात तिसऱ्यांदा डाव रिकामा झाला आणि तिने ग्रामदैवत विरेश्वराला हाक मारली. मनातल्या मनात. तोंडाने मारायची सोय नव्हती, कारण चातुर्मासात तिचं मौनभोजन असे. पानावर बसल्यापासून उठेपर्यंत एक शब्द नाही. हे व्रत तिच्या आईकडून आलेलं, आणि आईचा नियम कडक होता. मौन म्हणजे हुंकार नाही, मान हलवणं नाही, आणि 'नको' म्हणून पानावर हात आडवा धरणं तर मुळीच नाही. "हात आडवा धरलास म्हणजे बोललीसच की गो," असं आई म्हणे. त्याच्या जोडीला पानात टाकायचं नाही, अन्नाला नावं ठेवायची नाहीत आणि दिवसातून एकदाच जेवायचं.

ते एक जेवण यंदा तिचे यजमान हरीभाऊ रांधत होते.

"बघ! म्हटलं नव्हतं तुला आवडेल?" डाव उंचावून हरीभाऊ म्हणाले. "तिसऱ्यांदा वाढलं तरी नको नाही!"

हरीभाऊ महाडच्या एसटी डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी माइकसमोर गेल्यामुळे घरातही ते समोर शंभर प्रवासी उभे असल्यासारखे बोलत. प्रवाशांनी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळे ऐकून घ्यायची सवय राहिली नव्हती.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी सरोज मागच्या दारी शेवाळावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. "तू काळजी करू नकोस. स्वयंपाकघराचा ताबा आजपासून माझ्याकडे," हरीभाऊंनी जाहीर केलं आणि मोबाइल उघडला. त्यात एक बाई पंधरा मिनिटांत, कमी खर्चात, पौष्टिक काय काय करून दाखवायची. तीन दिवस पाहिल्यावर हरीभाऊंना ती बाई फार फापटपसारा करते असं वाटू लागलं. "एवढी भांडी कशाला? पोटात गेल्यावर सगळं एकच होतं ना? मग आधीच एक करावं!"

त्यातून त्यांचा स्वतःचा शोध लागला. नाचणीचं पीठ, कुळीथ, तांदळाची कणी, शेवग्याचा पाला, टाकळा, कुड्याच्या शेंगा आणि रक्त शुद्ध राहावं म्हणून मूठभर मेथ्या, असं सगळं एका कुकरात. मधे झाकण उघडणं नाही, ढवळणं नाही. म्हणून नाव 'विनाथांबा'. त्याचा रंग महाडकरांना वेगळा सांगायला नको. पूर ओसरल्यावर घरात जो गाळ राहतो, त्याचाच.

सरोजने पहिला घास घेतला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हरीभाऊ हेलावले. "अगं, रडतेस काय? नवऱ्यानं केलं म्हणून एवढं?"

दुसऱ्या दिवशी तिने भराभर जेवून त्यांनी वाढायच्या आत उठायचं ठरवलं. "भूक वाढली बघ हिची!" म्हणून त्यांनी सुरुवातीलाच दोन डाव जास्त वाढले. मग ती हळूहळू जेवू लागली. "घास घोळवून घोळवून खातेय," ते समाधानाने म्हणाले आणि आणखी वाढलं.

हात धुतल्यावर बोलायला मोकळीक होती. पण अन्नाला नावं ठेवायची नाहीत, ही अट बाराही महिन्यांची. दीड महिना झाल्यावर सरोज आडवळणाने गेली.

"अहो, उद्या साधा वरणभात टाकूया का? तुम्हाला किती त्रास."

"त्रास कसला? एक कुकर तर लावायचा!"

"माझा हात बरा झाला आता. प्लॅस्टरही निघालं."

"निघालं म्हणून लगेच राबवायचा? माझ्या बायकोच्या हाताला मी विश्रांती देणार!"

एवढ्या प्रेमाने बोलणाऱ्या माणसाचं काय करावं, हे कुठल्याच पोथीत दिलेलं नव्हतं. ती देवघरात जाऊन बसली. देवालाही रोज याच कुकरातला नैवेद्य होता. देव काही बोलत नव्हता. पण त्याचं मौन कायमचंच, त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

हरीभाऊ स्वतः मात्र तिच्या पंगतीला कधी बसले नाहीत. "मी मागून जेवतो, डेपोत, जुन्या मंडळींबरोबर," म्हणून डबा भरून निघत आणि दुपारी मिशी पुसत परत येत. नैवेद्याआधी चव पाहायची नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि नैवेद्यानंतर पाहायची गरज त्यांना वाटली नाही. सरोजचं लख्ख पान हीच त्यांची पावती होती.

त्या पानाचा फोटो त्यांनी निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर टाकला. मग रोजच टाकू लागले. गणपती झाले, नवरात्र झालं, आणि कोजागरीच्या मेळाव्यात हरीभाऊंना 'विनाथांबा'चं प्रात्यक्षिक करायचं बोलावणं आलं. पाहुण्यांना हॉलमध्ये दुपारचं जेवणच ते ठेवलं होतं. सरोजला सगळ्यांसमोर पहिलं पान मांडून बसवलं. हरीभाऊंनी माइक घेतला. "मंडळी, बघा! चेहऱ्यावरची शांती बघा!"

शांती नव्हती. तिच्यात काहीच उरलेलं नव्हतं. तिने पान निपटलं. मग बाकीचे जेवू लागले आणि हॉल विलक्षण शांत झाला. पण ज्या अन्नाने सरोजवहिनींच्या कपाळावर आठी पडली नाही ते वाईट कसं असेल? हल्ली आपली जीभच बिघडली, असं ज्याने त्याने ठरवलं. शेजारची राजश्री हात धुताना कुजबुजली, "वहिनी, मला जरा कडू लागलं. पित्त झालं असेल ना?"

"असेल हो," सरोज म्हणाली आणि रात्रभर त्या खोट्याबद्दल जपमाळ ओढत राहिली.

आता आशा एकच होती, कार्तिकातल्या द्वादशीची. त्या दिवशी मौनाचं उद्यापन. देवळात घंटा दान द्यायची आणि घरी मेहुण जेवू घालायचं. जोडपं तृप्त होऊन, तोंड भरून आशीर्वाद देऊन उठलं की व्रत पावलं. जेवताना कुणी तोंड वाकडं केलं, तर चार महिन्यांचं मौन पाण्यात. पोलादपूरजवळच्या गावातून हरीभाऊंचे चुलतभाऊ गोमाजी आणि त्यांची बायको ठमाबाई मेहुण म्हणून यायचे होते. सरोजने पुरणपोळीचा बेत केला होता.

"पुरण?" हरीभाऊ म्हणाले. "मैदा, गूळ, तूप? या वयात? मुळीच नाही. उद्यापनाला विनाथांबा! ज्याच्यावर तू व्रत काढलंस, तेच."

"अहो, पण जाऊबाईंना..."

"वहिनींना गुडघ्यांना चांगलं. ठरलं!"

सरोजने विरेश्वराला घंटा वाहिली. वाहताना एकदा वाजवून पाहिली. तो आवाज तिच्या मनाला फार लागला. घंटेला वाजायची मुभा होती.

घरी आली तेव्हा हरीभाऊ मोठा कुकर लावून पाहुण्यांना आणायला डेपोत निघाले होते. थोड्या वेळाने फोन आला. "प्रवाशांनी... आपलं, अगं, हायवेवर गाड्या तुंबल्यात. बसला तासभर उशीर!"

उशिरा येणाऱ्या गाडीला सरोजने आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. हरभऱ्याची डाळ तिने वेडी आशा धरून पहाटेच भिजत घातली होती. देवापुरतं म्हणून तिने पुरण शिजवलं, मोजक्या पोळ्या लाटल्या, त्यांवर तूप सोडलं आणि ताट देवघरात झाकून ठेवलं. देवाला तरी आज सुटका.

पाहुणे आले, पाय धुतले, पानं मांडली. हरीभाऊंनी कौतुकाने वाढलं. ठमाबाईंनी एक घास घेतला, थांबल्या, आणि पानाकडे वाकून बघितलं.

"ह्ये काय गो सरोज? आमच्या म्हशीचं आंबोण इथं कसं आलं?"

चार महिने पाण्यात गेले, सरोज मनात म्हणाली.

"वहिनी, हा विनाथांबा आहे!" हरीभाऊ म्हणाले. "सरोज चार महिने रोज खातेय. पौष्टिक असतं."

"पौष्टिक हाय म्हणूनच तर म्हशीला घालतो."

गोमाजी घास गिळायच्या खटपटीत होते. पाणी पिऊन ते म्हणाले, "हरी, येवढा चांगला हाय तर तू रं का नाय खात? मी कोर्टाच्या कामाला येतो तवा दर खेपेला तू डेपोसमोर मिसळ हाणतोस. डबा तो तिथल्या गाईपुढं ठेवतोस. आन् ती गाय पण हल्ली तुला बघून उठून जाते."

सरोजने हरीभाऊंकडे पाहिलं. हरीभाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"दादा, ते गोग्रास म्हणून... पुण्य..."

"पुण्य नंतर. बस आमच्या पंगतीला," ठमाबाई म्हणाल्या. "एक घास खाऊन दाखव आधी."

सरोजने काही न बोलता तिसरं पान मांडलं. पाहुण्यांची पानं उचलली, नवी मांडली आणि देवघरातलं ताट आणून दोघांना पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. नैवेद्य दाखवून झालाच होता. ठमाबाईंनी पहिला तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "सुखी ऱ्हा गो बाय. पोट भरून सुखी ऱ्हा."

व्रत पावलं. मग सरोज कुकर घेऊन हरीभाऊंच्या पानाशी आली.

हरीभाऊंनी पहिला घास घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, लख्ख पुसलेली सगळी पानं आठवल्यासारखं पाहिलं, आणि मान खाली घालून जेवत राहिले. पान रिकामं झालं.

सरोजने डाव भरला. हरीभाऊंनी घाईघाईने पानावर हात आडवा धरला.

त्या आडव्या हाताकडे ती क्षणभर बघत राहिली. मग डाव्या हाताने तो अलगद बाजूला केला आणि वाढलं.

"पानात टाकू नका हं," ती हळू आवाजात म्हणाली.