पट्टी शाबूत आहे

मुखेड तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या पुलाच्या तुळयांना दहा वर्षांपूर्वी बळकटीसाठी खालून कार्बन फायबरच्या काळ्या पट्ट्या चिकटवण्यात आल्या. पट्ट्यांना पन्नास वर्षांची हमी होती आणि हमीपत्राला लॅमिनेशन. शाखा अभियंता रामलिंग पुलाखाली उतरला, हा त्याचा पहिला गुन्हा. दुसरा गुन्हा म्हणजे त्याने पट्टीवर हातोडी वाजवून पाहिली. पट्टी घट्ट असली तर आवाज टणक येतो, सुटलेली असली तर पोकळ. तिसऱ्या तुळईवर चांगला दोन हात पोकळ आवाज आला. त्याची बायको ज्योत्स्ना रोज याच पुलावरून स्कूटीने शाळेत शिकवायला जायची.

त्याने अहवाल दिला. उपअभियंता महादेवप्पा यांनी तो वाचून चष्मा काढला.

"हमीची सातवी अट वाचली का? पट्टीवर आघात करायचा नाही. तुम्ही हातोडी मारलीत!"

"साहेब, वाजवल्याबिगर कळंल कसं?"

"कळायची गरजच काय हाय? पन्नास वर्षं लिहून दिलंय की."

रामलिंगकडून लेखी खुलासा मागवून चौकशी समिती नेमण्यात आली. समितीने हातोडी वर्ज्य मानून पुलाची पाहणी वरून केली. पट्ट्या खालून असल्यामुळे वरून एकही दोष आढळला नाही. ऊन आणि पाणी लागल्यास हमी राहणार नाही, अशीही एक अट होती. पूल उघड्यावर, तोही नदीवर, असल्याची बाब समितीने 'अपवादात्मक परिस्थिती' म्हणून नोंदवली. निष्कर्ष असा निघाला की पट्टी पन्नास वर्षे टिकेल. पूल किती टिकेल, हे समितीच्या कक्षेत येत नव्हते.

रामलिंगचं डोकं फिरलं. त्याने स्वतःच्या जबाबदारीवर दोन्ही तोंडांना मुरमाचे ढीग टाकून पूल बंद केला. वळसा अठरा किलोमीटरचा. तिसऱ्या दिवशी बाजार होता. गाव गोळा झालं.

"पडायचा तर पडू दे बाबा," भाजीची पाटी घेतलेली धोंडाबाई म्हणाली, "पर बाजार झाल्यावर. माझी मेथी सुकून राहिली."

"मावशी, चला. समदे चला. तुमच्याच कानानं ऐका."

त्याने सगळ्यांना पुलाखाली नेऊन हातोडी वाजवली. किराणावाले शंकरप्पा खाकरले.

"हाव. पोकळच हाय." त्यांनी थोडा विचार केला. "पर वरून जाताना काय ऐकू येत न्हाई."

हे सर्वांना पटलं. पाच मिनिटांत फावडी आली, दहा मिनिटांत ढीग बाजूला झाले. रांगेत पहिली स्कूटी ज्योत्स्नाची होती.

"अगं, तू पण?" रामलिंग ओरडला. "तू तरी नको जाऊ!"

"अहो, तीन दिवस झाले, माझा पहिला तास बुडतोय. तुम्ही तुमचा अहवाल लिहा."

ती पलीकडे पोचेपर्यंत रामलिंगने श्वास घेतला नाही. मग त्याने घड्याळ पाहिलं. अकराला महादेवप्पांपुढे खुलासा द्यायचा होता, आणि कचेरी पलीकडे होती. त्याने मोटारसायकल काढली आणि रांगेत लावली.

वाचक हो, या लोकांना खुशाल हसा. मात्र उद्या तुमच्या रस्त्यावरचा पूल कुणी तपासणीसाठी बंद केला, तर पहिला तक्रारअर्ज कुणाच्या सहीचा असेल, ते इथे लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.