हर्डीकर आणि मंडळी

मुकुंद हर्डीकर हे अख्ख्या नेदरलँड्समधले झॉम्बींचे सर्वात मोठे जाणकार आहेत, आणि त्यांनी आजवर एकही झॉम्बी धड पाहिलेला नाही. ही अतिशयोक्ती नव्हे. अतिशयोक्ती मी पुढे करणार आहे. तेव्हा सांगेनच असं नाही.

दर रविवारी दुपारी हार्लेमच्या त्यांच्या घरी आम्ही ती मालिका बघायला जमायचो. जग बुडालंय, मेलेली माणसं उठून चालू लागली आहेत आणि उरलेसुरले जिवंत लोक अमेरिकेतल्या रस्त्यांवरून वणवण फिरतायत, अशी ती मालिका. हर्डीकर टीव्हीसमोरच्या खुर्चीत, मांडीवर उशी घेऊन. पडद्यावर पाय खुरडल्याचा आवाज आला की उशी तोंडावर. मग उशीच्या आतून, विहिरीतून यावा तसा प्रश्न येई, "गेली का मंडळी?"

झॉम्बी हा शब्द ते उच्चारत नाहीत. मंडळी. मुलाकडच्यांविषयी बोलावं तितक्या अदबीने आणि तितक्याच धास्तीने.

"नाही गेली," केतकी सांगायची. "आत्ता एकाचा दंड खातायत."

"कोणाचा?"

"दाढीवाल्याचा."

"खाऊ देत. त्याने मागच्या भागात फाटक उघडं टाकलं होतं."

ही केतकी गजभिये वाखनिंगनच्या विद्यापीठात बटाटा कसा कुजतो यावर संशोधन करते. आठवडाभर कुजके बटाटे बघून ती शनिवार-रविवार हार्लेमला घरी येते आणि विरंगुळा म्हणून कुजकी माणसं बघते. तिसरा मी. मी वृंदावहिनींच्या, म्हणजे हर्डीकरांच्या बायकोच्या, साबुदाणा वड्यांसाठी जात असे, हे मी कधी लपवलेलं नाही.

हर्डीकरांचा राग मंडळींवर नाही. मंडळी बिचारी मेलेली, त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवणार? राग जिवंत लोकांवर.

"एक सायकल," उशी मांडीवर आदळून ते म्हणत, "नऊ सीझनमध्ये एक सायकल दाखवा मला. पेट्रोल शोधता शोधता मरतायत. गाडी बंद पडली की ढकलतायत. अहो, मंडळींचा वेग काय? आमच्या इथली सत्तरीची बाई मागे दोन पिशव्या आणि पुढे कुत्रं घेऊन, समोरून वारं असताना, या सगळ्यांना मागे टाकेल. आणि हे सहा-सहा फुटी शूरवीर पायी."

"पंक्चर झालं तर?" केतकी काडी टाकायची.

"काढायचं."

"ट्यूब कुठून आणायची?"

"दुकानातून. दुकान उघडंच आहे, मालक तेवढा मेलाय. जग बुडालंय, केतकी. ऑफिस नाही, मीटिंग नाही. पंक्चर काढायला अख्खं आयुष्य पडलंय."

हर्डीकर ॲमस्टरडॅमच्या एका बँकेत सॉफ्टवेअर तपासतात. आपण चुका काढायच्या आणि ज्यांच्या त्यांनी "हे असंच ठरलेलं होतं" म्हणून परत पाठवायच्या, यात ज्याची उमर गेली तो घरी येऊन शांत कसा बसणार? जे दिसेल ते तपासतात. माझ्या मुलीच्या बारशाचा व्हिडिओ बघताना त्यांनी चौदा चुका काढल्या होत्या. त्यातली एक माझ्या सासूबाई होत्या.

त्यांचा दुसरा राग गवतावर. "नऊ वर्षं झाली जग बुडून आणि घरासमोरची हिरवळ बघा. गालिचा. आमचं झुडपांचं कुंपण जूनमध्ये चार बोटं वाढलं तर शेजारच्या बाई दारात. 'मेनेर, घरात सगळं ठीक आहे ना?' तिथे सगळे शेजारी मेलेत. मग कापतं कोण? मंडळी कापतात रात्रपाळीला?" हे ते इतक्या गंभीरपणे विचारत की केतकीने एकदा नाकातून उडवलेला चहा समोरच्या भिंतीवर अजून आहे. पाहुणे त्याला चित्र समजतात.

मग नायिकेच्या शर्टाला इस्त्री कशी, दाढी वाढते पण मिशी कोरलेली कशी, गरोदर बाईला नवव्या महिन्यात भिंतीवरून उडी मारायला लावणारा दिग्दर्शक कोणाच्या पोटचा. प्रत्येकाचा शेवट एकच, "हे मला पटलेलं नाही." वहिनी आतून म्हणत, "जग बुडालं तर हे घरात उशी शोधत बसतील." तेही त्यांना पटलेलं नसे.

आणि या वसंतात बातमी आली की मालिका संपणार. चार भाग उरले.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. नायक दोनदा मरून तिसऱ्यांदा जिवंत झाला होता आणि त्याला स्वतःलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. हर्डीकर मात्र उभे राहिले.

"संपणार म्हणजे? मंडळी संपली का?"

"नाही," केतकी म्हणाली.

"मग मालिका कशी संपते?"

त्यांनी तिथल्या तिथे टीव्ही कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. हर्डीकरांचं डच हे खेमेंटे, म्हणजे इथली नगरपालिका, जी पत्रं धाडते त्यांवर पोसलेलं आहे. चिडले की ते नोटीस बजावतात. आपणांस कळविण्यात येते की सदर निर्णय मला अमान्य आहे, या थाटात पाच मिनिटं चाललं. पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, "तुमच्यासाठी हे फारच वाईट झालं, मेनेर."

"माझ्यासाठी नाही," हर्डीकर कडाडले. "लोकांसाठी."

लोक म्हणजे मी, केतकी आणि वडे.

तेवढ्यावर भागलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत, ऐनवेळच्या विषयांत, हर्डीकरांनी मालिका बंद करण्याच्या निषेधाचा ठराव मांडला. अनुमोदन कोण देतं, अध्यक्षांनी विचारलं. माझ्या बायकोने माझ्या पायावर पाय दाबून धरला होता, तरी मी हात वर केला. कारण जेवण थंड होत होतं आणि अनुमोदन मिळाल्याशिवाय हा गृहस्थ खाली बसणार नव्हता. ठराव एकमताने मंजूर झाला. अमेरिकेला तेवढं कळवायचं राहिलंय.

परत येताना मी त्यांना छेडलं. "हर्डीकर, मंडळी आली की तुमची उशी. मंडळी नसली की तुमचा संताप. तुम्हाला या मालिकेतलं एक दृश्य आवडत नाही. संपली तर सुटलात की."

ते चालता चालता थांबले. "सुटलो?" म्हणाले. "तुम्हाला काय हो. वडे काय, तुम्हाला कुठेही मिळतील."

मला राग आला. एक तर वडे कुठेही मिळत नाहीत. दुसरं म्हणजे ज्याला सबंध मालिका नको आहे त्याने ती चालू राहावी म्हणून जगाशी भांडायचं, आणि वर आपल्यालाच ऐकवायचं, हे काय आहे? मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, हा माणूस हट्टासाठी हट्ट करतो. ती म्हणाली, अनुमोदन कोणी दिलं होतं?

शेवटचा भाग जूनमधल्या एका लख्ख रविवारी झाला. नायक डोंगरावर चढला, सूर्य उगवला, खाली मंडळी आपली चालतच होती, आणि संपलं. हर्डीकरांनी उशी आपणहून खाली घेतली. काही विचारलंच नाही.

"झालं," केतकीने सांगितलं.

"झालं," हर्डीकर म्हणाले.

सायकल नाही. गवत नाही. नायकाचा शर्ट त्या डोंगरावर इतका पांढराशुभ्र होता की मलासुद्धा पटलेला नव्हता, तरी अवाक्षर नाही. केतकीने माझ्याकडे बघितलं. मग तिची वाखनिंगनची गाडी होती, ती गेली. मी एरवी तिच्याबरोबरच निघतो. त्या दिवशी वहिनींनी "घरी न्यायला देते, थांबा" म्हणून नवा घाणा टाकला, म्हणून मी स्वयंपाकघरात आइस्क्रीमचा रिकामा डबा हातात घेऊन उभा राहिलो.

तेवढ्यात हर्डीकरांचा फोन वाजला आणि ते तो घेऊन मागच्या बागेत गेले.

"निनाद," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही गेलात की येतो त्याचा फोन, दर रविवारी."

निनाद हा त्यांचा मुलगा. इथेच वाढला, आता नोकरीला ग्रोनिंगनला. म्हणजे गाडीने अडीच तास, पण इथल्या लोकांच्या हिशेबाने मंगळाच्या जरा पुढे. मराठी समजतं, उत्तर अर्ध्या इंग्रजीत देतो, रागावतो डचमध्ये.

"पूर्वी माझ्याशीच बोलायचा," झाऱ्याने वडे उलटवत वहिनी म्हणाल्या. "यांनी उचलला तर, कसा आहेस, बरा आहे, थांब आईला देतो. संपलं. वर्षानुवर्षं. मग एकदा त्याने सहज विचारलं, बाबा, ही मालिका बघता का? हे म्हणाले, हो."

"बघत होते?"

"कुठलं. यांना लहानपणापासून मेलेल्या माणसाची भीती. गल्लीतून प्रेतयात्रा निघाली की पलंगाखाली जायचे, सासूबाई सांगायच्या. पण त्या आठवड्यात रजा टाकली आणि चार सीझन संपवले. उशी तेव्हापासूनची." त्यांनी गॅस बारीक केला. "आता पाऊण पाऊण तास भांडतात दोघं. तो त्या लोकांची बाजू घेतो, हे चुका काढतात. आधी तुमच्या दोघांवर तालीम करतात आणि मग त्याला ऐकवतात. मी मध्ये पडत नाही. इतकं छान भांडण मी उगाच कशाला थांबवू?"

मी डबा खाली ठेवला. वड्यांवरची वासना उडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढे ती परत आली, पण उडाली होती.

खिडकी उघडी होती. हर्डीकर फोन कानाला लावत नाहीत, स्पीकरवर टाकून ताटासारखा समोर धरतात, त्यामुळे सबंध गल्लीला ऐकू येतं.

"...डोंगरसुद्धा पायी चढला तो," हर्डीकर म्हणत होते.

"बाबा, इट्स द एंडिंग. तो सायकलवरून कसा येईल?" निनाद हसत होता.

"का नाही येणार? गिअर असतात."

आणखी थोडं हसू. मग ते ओसरलं.

"सो, दॅट्स इट, बाबा."

"हो. संपलं."

"येस."

"हं."

शेजारच्या छपरावर एक सीगल बसला होता. हर्डीकरांनी कुंपणाचं एक पान तोडलं, उलटसुलट तपासलं, त्यात काही चूक सापडेना, टाकून दिलं.

"कसा आहेस?"

"गुड. तुम्ही?"

"बरा. थांब, आईला देतो."

आणि फोन समोर धरून ते दाराकडे यायला लागले. वहिनींनी झारा माझ्या हातात कोंबला. "मी बाथरूममध्ये आहे म्हणून सांगा," त्या पुटपुटल्या.

"पण तुम्ही तर इथे..."

"जाते ना आता." आणि साठीला टेकलेली ती बाई, गुडघ्यांचं औषध चालू असलेली, हरणासारखी बाथरूममध्ये शिरली. आतून कडी वाजली.

हर्डीकर दारात. मी झारा घेऊन उभा. "वहिनी बाथरूममध्ये आहेत," मी म्हणालो.

"किती वेळ?"

हा काय प्रश्न झाला? "बराच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मालिका मीच बंद पाडली. मग फोनकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. मी वड्यांकडे बघू लागलो.

"आई आत आहे," ते फोनला म्हणाले.

"ओके."

"हं." ते बागेच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. घसा साफ केला. बराच वेळ साफ केला. "मग तू... आज काय केलंस?"

"नथिंग मच. कुकिंग केलं. लीसा आली होती."

"कोण लीसा?"

बाथरूमच्या दाराआड कोणीतरी हळूच खाकरलं, आणि त्या खाकरण्यावरून मला कळलं की लीसा वहिनींना निदान वर्षभर ठाऊक आहे.

"बाबा, डिडन्ट आई टेल यू?"

"आई मला काय सांगते? या घरात मला कोण काय सांगतं?" आवाज असा चढला की सीगल उडाला. "कोण लीसा? कधीपासून?"

निनादने मोठा श्वास घेतलेला ऐकू आला. मग तो बोलायला लागला, आणि निव्वळ मराठीत. अडखळत, शब्द शोधत, एकेक वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरं धरत. ती ना, बाबा. म्हणजे आम्ही. तिला ना, तुम्हाला भेटायचंय. हर्डीकर पायरीवर खाली बसले. फोन आता त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

बाथरूमची कडी निघाली. वहिनी पदराला हात पुसत बागेच्या दारापर्यंत आल्या आणि आता आपणच हे निस्तरावं म्हणून त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. हर्डीकरांनी मागे वळूनही न बघता, कावळा हाकलावा तसा सबंध हात हलवून त्यांना परत पाठवलं.

"नाही रे," ते फोनमध्ये म्हणाले, "ती अजून आतच आहे. वेळ लागेल तिला. तू सांग."