पाच चांदण्यांची सावड

आमच्या शेजारचे तात्या कोकरे रोज सकाळी, चहा व्हायच्या आत, निदान दहा-बारा वेळा रडतात. डोळ्यांत मात्र पाण्याचा थेंब नसतो. अंगणातल्या बाजेवर बसून, चष्मा कपाळावर चढवून, मोबाईल नाकाजवळ धरून ते अंगठ्याने रडतात. "डोळे पाणावले. शब्दच संपले. पुढील भागाच्या प्रतीक्षेत." मग पाच चांदण्या दाबतात आणि पुढच्या गोष्टीवर रडायला जातात. एखादी विनोदी कथा समोर आली तर तात्या तिच्यावरही रडतात.

ईरा, नील, मागच्या रविवारी आपण व्हिडिओवर बोलत असताना मागून कोणीतरी ओरडलं होतं, "बाई, सावड फिटली का?" तो आवाज कोणाचा, असं तुम्ही विचारलं होतंत. तो तात्यांचा. फोनवर हे सगळं सांगून होणार नाही, म्हणून नीट लिहिते आहे. शिवाय तात्या हे माणूसच असं आहे की त्यांच्याविषयी इतरांनाही कळावं.

तात्या मूळचे कळंबचे. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. तात्या वालचंदनगरच्या कंपनीत फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. थोडा ऊस आहे, आणि त्यांच्या चारीवरच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्यावरच्या, पाणी वापर संस्थेचे ते सचिव आहेत. पाटाला पाणी कधी सुटणार, पाटाची दारं उघडून रानात पाणी घ्यायची कोणाची पाळी कधी, हे मोबाईलवर सभासदांना कळवणं त्यांचं काम. तुमचे आजोबा कंपनीत इंजिनियर होते आणि मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही वसाहतीजवळच घर बांधलं आणि तात्या शेजारी मिळाले. ते मला 'बाई' म्हणतात, म्हणजे शिक्षिका या अर्थाने.

पुण्यात असलेल्या त्यांच्या मुलाने मोबाईल दिला आणि तात्यांना गोष्टी लिहायच्या एका ॲपचा शोध लागला. तिथे कोणीही लिहावं, कोणीही वाचावं, आणि वाचून पाचपैकी किती तारे, म्हणजे तात्यांच्या भाषेत चांदण्या, ते दाबावं. तात्यांनी पहिली कथा टाकली आणि कौतुकाची वाट बघत बसले.

"आठवडा गेला, बाई," ते मला सांगत होते. "एक मानूस फिरकलं न्हाय. बिनपान्याचं रान कसं दिसतं, तसं झालं बगा."

दुसरा कोणी असता तर त्याने लिहिणं सोडलं असतं. तात्यांनी सावड सुरू केली.

सावड हा शब्द तुम्हांला माहीत नसणार. आज आम्ही सगळे तुझ्या रानात खुरपायला येतो, उद्या तुम्ही सगळे माझ्या रानात या. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही, फक्त आलेल्याच्या रानात जाऊन सावड फेडायची. आमच्या भागात शेती अशीच होत आली. तात्यांनी ती पद्धत साहित्यात आणली. इंदापूर, बारामती, कन्हेरी, भिगवण, असे ठिकठिकाणचे लेखक गोळा करून 'साहित्य सावड समूह' काढला. सकाळी तात्या जाहीर करतात, आज अमक्याच्या कथेवर जायचं. सगळे जातात, पाच चांदण्या देतात, दोन ओळी लिहितात आणि परत येतात. जो येत नाही त्याला संध्याकाळी फोन.

"अवो सर, काल तुमच्या कवितेला समदी पंगत बसली हुती. आन् आज इंदापूरच्या मॅडमकडं तुमी गैरहजर? अंगठ्याला काय झालंय का? न्हाय ना? मग जावा, दिवस हाय तवर जावा."

"पण तात्या," मी एकदा विचारलं, "अभिप्राय द्यायच्या आधी वाचायला नको का?"

त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "बाई, दुसऱ्याच्या रानात खुरपताना कुनी कणसाची चव बघत बसतं का?"

समूहाचा बारामतीला एक स्नेहमेळावा झाला, तेव्हा तात्या मलाही घेऊन गेले. व्यासपीठावर पंचवीस-तीस साहित्यिक आणि समोर मी, दोन ड्रायव्हर आणि चहावाला. प्रत्येकाने प्रत्येकाचा सत्कार केला. शाल एकच होती. ती ज्याच्या खांद्यावर पडे, तो फोटो झाला की ती घडी करून पुढच्याला घाली. नारळही तोच. शेवटी शाल चहावाल्याच्या खांद्यावर पडली, कारण सूत्रसंचालकांना वाटलं की तोही कादंबरीकार आहे. त्याने नम्रपणे दोन शब्द बोलूनही दाखवले. ते इतरांपेक्षा बरे होते, कारण ते दोनच होते.

मेळाव्यानंतर तात्यांनी मलाही ॲपवर घेतलं. "तुमी इंग्रजीच्या बाई. तुमचा शेरा म्हंजे वजन हाय," म्हणाले. माझी पहिली पाळी त्यांच्याच कादंबरीवर लागली. कादंबरीचं नाव 'लंडनची रोझी'. मी चष्मा लावला आणि सगळे भाग पहिल्यापासून वाचून काढले.

रोझी ही एका लॉर्डची कन्या. ती लंडनला माडीच्या घरात राहते. सकाळी उठून सडा टाकते, दुपारी ओसरीवर सुपात ज्वारी घेऊन खडे निवडते. लंडनच्या पाटाला मंगळवारी पाणी सुटतं. तिचा जॉर्ज एका कारखान्यात फिटर आहे आणि पहिली शिफ्ट करून सायकलवरून तिच्याकडे येतो. दोघं प्रेमाचं बोलतात, पण जास्त करून जॉर्जच बोलतो.

मी शाळेत जसा शेरा लिहीत असे तसाच लिहिला. "भाषा ओघवती. संवाद जिवंत. स्थळाचा अभ्यास कमी. लंडनमध्ये ज्वारी निवडत नाहीत व पाटाला पाणी सोडत नाहीत. पाचपैकी तीन."

अर्ध्या तासात तात्या फाटकाशी.

"बाई, ह्ये काय केलं तुमी? तीन?"

"पास केलंय तुम्हांला."

"आवो, हितं समदी पाच देत्यात! निवडणुकीला उभा ऱ्हायल्यावर घरातली मतं फुटावी तसं झालं की!"

"तात्या, मी वाचलं. वाचून तीन दिले."

ते एकदम थांबले. "वाचलं? समदं?"

"पहिल्या भागापासून."

तात्या पायरीवरच बसले. त्यांच्या घरात मी न विचारता डोकावले असावे, असा काहीसा त्यांचा चेहरा झाला. मग म्हणाले, "म्हंजे जॉर्जची सायकल पंचर हुती, त्ये बी?"

"तेही. आणि पुढच्याच भागात तो तीच सायकल चालवतो आहे."

"व्हय की," ते म्हणाले. हरखल्यासारखे म्हणाले, याचं मला तेव्हा नवल वाटलं.

समूहात मात्र गदारोळ झाला. कन्हेरीच्या एक कवयित्री 'निशिगंधा' या नावाने लिहितात. त्यांनी समूहातल्या नकारात्मक ऊर्जेबद्दल खेद व्यक्त केला आणि मला काढून टाकावं असं सुचवलं. त्यावर पाच-सहा जणांनी हात जोडले, दोघांनी चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. तात्यांनी निकाल दिला, "एखाद्याचं खुरपं खोल लागतंय म्हून त्येला बांधाबाहेर काढत न्हाईत." मी राहिले. पण मला पाळी लावणं त्यांनी बरेच दिवस बंद केलं.

तेव्हापासून तात्यांच्या डोक्यात एक नवीनच किडा वळवळू लागला. कुंपणाशी येऊन उभे राहायचे, उगाच जास्वंदीची पानं तोडायचे आणि विचारायचे, "बाई, आपल्या समूहात दुसरं कुनीच वाचत नसंल का वो? एखादं तरी वाचत असंल की. एवढी मानसं हायत."

"परीक्षा घेऊन बघा ना," मी म्हणत असे.

"नगं, नगं. झाकली मूठ हाय, ती झाकलेलीच बरी."

ती मूठ त्यांनी स्वतःच्याच हाताने उघडली, आणि तीही चुकून. तात्या कादंबरीचा भाग आणि पाण्याच्या सूचना एकाच मोबाईलवर, एकाखाली एक लिहून ठेवतात. त्या दिवशी बाजारातून घाईने आले, सूचना उचलून ॲपवर टाकली आणि रोझीचा नवा भाग पाणी वापर संस्थेच्या ग्रुपवर. टाकून मोटर चालू करायला रानात निघून गेले.

ॲपवर 'लंडनची रोझी'च्या पुढच्या भागाच्या जागी असा मजकूर होता: "चारीवरील सर्व सभासदांस कळविण्यात येते की पाटाचे पाणी मंगळवारी सुटेल. पाळी सोडून कोणीही दारे फोडू नयेत. फोडल्यास पाणी बंद करण्यात येईल. तक्रार चालणार नाही."

दुपारपर्यंत त्यावर पाच चांदण्यांची रास पडली. "रोझीची घुसमट काळजाला भिडली." "जॉर्ज असा वागेल असं वाटलं नव्हतं." "शेवट वाचून अंगावर काटा आला, पुढील भागाच्या प्रतीक्षेत." आणि निशिगंधाबाईंनी तर खरोखरच एक ओळ वाचली होती. "दारे फोडू नयेत... स्त्रीच्या मनाची ही मिटलेली दारे! निःशब्द." निःशब्द म्हणून पुढे त्यांनी आठ ओळी लिहिल्या होत्या.

मी तात्यांना फोन केला, पण तो सारखा गुंतलेला. कारण तिकडे पाण्याच्या ग्रुपवर वेगळंच चाललं होतं. एरवी तिथे सूचनेखाली कोणी अंगठासुद्धा दाखवत नाही. आज भर उन्हात लोक बांधावर बसून वाचत होते आणि वाचून झालं की तात्यांना फोन लावत होते.

संध्याकाळी तात्या आले. पायरीवर बसले. आधी त्यांनी ॲप उघडून माझ्यासमोर धरलं. मी म्हटलं, "पाहिलंय मी."

"समदी रडली, बाई. पाटाच्या पान्यावर." ते हसायला गेले, पण ते जमलं नाही. "एकानं बी विचारलं न्हाय, की तात्या, रोझी कुठं हाय."

मी चहा ठेवायला उठले, तसे म्हणाले, "बसा. ह्ये बी बगा." आणि दुसरा ग्रुप उघडला. मी मोठ्याने वाचू लागले.

"तात्या, पानी कवाबी सुटू द्या, रोझीच्या बापानं हो म्हटलं का न्हाय त्ये आदी सांगा." "जॉर्जला सायकलच हाय का अजून? कंपनी कर्ज देती, गाडी घ्या म्हनावं." "मागचं पन टाका, आमची मंडळी विचारत्यात." एकाने लिहिलं होतं, "लंडनात ज्वारी? काय बी लिवता राव." तो माणूस मला लगेच आवडला.

"बघा तात्या, खरे वाचक मिळाले तुम्हांला."

"खाली बगा," ते म्हणाले. "सोपानचं."

सोपान म्हणजे त्यांच्या रानाचा शेजारी, लहानपणापासूनचा. त्याने लिहिलं होतं, "तात्या, ही रोझी न्हाय. ह्या आमच्या सरूवहिनी हायत. खडं निवडताना अशीच मान वाकडी करायच्या."

सरूवहिनी म्हणजे तात्यांच्या पत्नी. त्या वारल्या त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही इथे राहायला आलो, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलं नाही. तात्यांनी कधी त्यांचं नावही माझ्यापाशी काढलं नव्हतं.

बराच वेळ ते चपलेने मातीत रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "तिला वाचता येत न्हवतं. शिफ्ट करून आलो की मी सांगायचो. आज लेथ मशीनवर ह्ये झालं, सायेब त्ये म्हनला. ती खडं निवडायची आन् 'हूं' करायची. ध्यान निम्मं सुपात, मला म्हाईत हुतं. पन तिचं 'हूं' थांबलं, की माझं बी सांगनं थांबायचं."

मी म्हटलं, "तात्या, हा भाग मी अजून वाचलेला नाही. वाचून दाखवता?"

"तीन चांदण्या देनार तुमी."

"तीनच देणार. लंडनला पाट नाही तो नाही."

तात्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मी त्यांना वाचण्यासाठी चष्मा वापरताना प्रथमच पाहत होते. घसा खाकरून, मोबाईल जरा लांब धरून ते वाचू लागले. "जॉर्जने सायकल भिंतीला टेकवली. रोझी सूप घेऊन बसली होती. जॉर्ज म्हणाला, रोझी, आज कारखान्यात फार मोठी गंमत झाली."

तिथे ते थांबले. मला वाटलं, ओळ हरवली. पण त्यांनी मोबाईलवरून नजर उचलली होती आणि चष्म्याच्या वरून ते माझ्याकडे बघत होते.

"हूं," मी म्हटलं.

तात्यांनी अंगठ्याने पान वर सरकवलं आणि पुढे वाचायला लागले.