ऑटोमॅटिक साखरपुडा

केयाचा साखरपुडा मोडल्याची बातमी राजीव काळसेकरला कळली तेव्हा तो ऑफिसात डब्यातली मुगाची उसळ खात होता. साखरपुडा ठरला होता, ही बातमी त्याला त्यानंतर मिळाली. एकुलत्या एका मुलीच्या बापाला असे दोन धक्के, तेही उलट्या क्रमाने, एकाच फोनवर बसले तर घास घशात अडकणारच.

"कोणी मोडला?" त्याने ठसका आवरत विचारलं.

"तूच," दीपा म्हणाली. बायकोचा असा कापरा आवाज त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "सकाळी आमंत्रण आलं ते तुझ्या मेलवरून. रद्द झालं तेही तुझ्याच मेलवरून. मग पुन्हा आमंत्रण. राजीव, तुला बरं आहे ना?"

राजीवच्या हातातला चमचा डब्यात पडला. आपण काय करून बसलोय, ते त्याच्या ध्यानात आलं.

अमेरिकेतल्या शॉमबर्गमधली त्याची कंपनी इतर कंपन्यांना क्लाउड भाड्याने द्यायची. मेल, कॅलेंडर, पत्ते, सगळं एकाच छपराखाली. हे भाग वेगवेगळे तपासले की उत्तम चालायचे आणि एकत्र आले की भांडायचे. पोळी, भाजी, आमटी सगळं चाखून झालं, तरी ताट वाढल्यावर काय होतं ते कोणी बघतच नव्हतं. ते बघणारी, आपोआप चालणारी टेस्ट बसवायचं काम राजीवकडे आलं होतं. टेस्टने एक समारंभ ठरवायचा, आमंत्रणं धाडायची, मग समारंभ रद्द करून सगळा पसारा आवरायचा. कुणीही नवा कोड टाकला की हे सगळं पहिल्यापासून.

समारंभ खोटा आणि पाहुणेही खोटे, हे अर्थातच गृहीत होतं. ऑफिसातल्या दुसऱ्या कुणी 'टेस्ट मीटिंग' असं लिहून काम उरकलं असतं. पण मुलगी लग्नाची असलेल्या मराठी बापाला समारंभाचं नाव विचारलं, तर त्याच्या बोटांतून दुसरं काय उतरणार? त्याने लिहिलं, 'केयाचा साखरपुडा'. नवऱ्यामुलाशिवाय साखरपुडा अशुभ दिसेल म्हणून समोरच्या टेबलावर बसणाऱ्या देवांगचं नाव घातलं. पाहुणे म्हणून 'टेस्ट एक, टेस्ट दोन' लिहिताना मात्र त्याला कसंसंच झालं. त्याने आपल्या फोनमधले यच्चयावत नातेवाईक मेलच्या पत्त्यांसकट आत ओतले. पत्ते नंतर बदलू म्हणाला आणि साफ विसरला. आज सकाळी त्याने मोठ्या अभिमानाने टेस्ट चालू केली होती, आणि शुक्रवार असल्याने ऑफिसातला जो तो आठवड्याचा कोड भराभर टाकून मोकळा होत होता.

म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत साखरपुडा पाचसहा वेळा ठरला होता आणि तितक्याच वेळा मोडला होता.

तेवढ्यात केयाचा मेसेज आला. ती सिॲटलला जनावरांची डॉक्टर होती. 'बाबा, हू इज देवांग? अँड व्हाय डिड ही डम्प मी ट्वाइस बिफोर ब्रेकफास्ट?' राजीवने मान वर केली, तर खुद्द देवांग पांढराफटक चेहरा घेऊन समोर उभा.

"काका, आईचा फोन होता नागपूरहून. विचारतेय, मुलीकडच्यांनी का मोडलं," तो म्हणाला. "तिला मुलगी पसंत आहे. मला निदान विचारायचं तरी, यार."

देवांगच्या आईने मागे एकदा 'मुलाकडे लक्ष असू द्या' असा मेल लिहिला होता. तेव्हापासून तीही राजीवच्या पत्त्यांत होती. राजीवने टेस्ट बंद केली आणि साऱ्या गोतावळ्याला माफीचा मेल लिहिला. साहेबांनी येऊन पाठ थोपटली, तो आणखी एक धक्का. सगळे भाग पहिल्यांदाच न भांडता एकत्र चालले म्हणून ते खूश होते.

संध्याकाळपर्यंत नातेवाईक हसायला लागले होते. आपण सुटलो, असं म्हणत राजीव घरी आला, तर दीपा अंधारात बसलेली. तिने दिवाही लावला नव्हता. प्लेनोच्या नीलामावशीला आमंत्रण गेलं नव्हतं.

दीपाची आई ती शाळेत असतानाच गेली. नीलामावशीने तिला वाढवलं, लग्न लावून दिलं, आणि पुढे हे दोघं नवेनवे अमेरिकेत आले तेव्हा पहिलं वर्ष आपल्याच घरी ठेवून घेतलं. राजीवच्या फोनमध्ये मावशीचा फक्त नंबर होता. जिच्याशी रोज बोलायचं, तिला मेल कोण लिहितो? पण हे मावशीला पटेल तर ना. तिच्या सासरकडचा पुतण्या संजय प्लेनोतच राहायचा. त्याला आमंत्रण होतं, आणि त्याने ते मावशीला वाचून दाखवलं होतं.

राजीवने फोन लावला. साखरपुडा नव्हताच, मशीनची परीक्षा होती, असं त्याने परोपरीने सांगितलं.

"परीक्षेला संजयला बोलावलंत. त्याच्या बायकोलाही बोलावलंत," मावशी शांतपणे म्हणाली.

"मावशी, ते आमंत्रण खोटं होतं."

"खोट्या आमंत्रणाला माझी आठवण झाली नाही, ती खऱ्याला कशी होईल?" आणि तिने फोन ठेवला. मावशीने आजवर कधी आपणहून फोन ठेवला नव्हता. दीपा ओक्साबोक्शी रडायला लागली. तिला माहेर म्हणून एवढं एकच माणूस होतं, आणि राजीवला स्वतःचा भयंकर राग आला.

सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी दीपा म्हणाली, "परत लाव ती टेस्ट. फक्त मावशीसाठी."

राजीव हादरला. खऱ्या माणसाला मुद्दाम टेस्टचा मेल धाडायचा, तोही काल एवढा गोंधळ झाल्यावर? नोकरीवर गदा यायची, असं तो म्हणाला. दीपाने फक्त त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात त्या नजरेपुढे त्याची कधीच मात्रा चालली नव्हती. त्याने संजयकडून मावशीचा पत्ता मिळवला, बाकीचे सगळे पाहुणे पुसून तिचं एकटीचं नाव घातलं आणि रद्द करायची पायरी काढून टाकली, कारण मिनिटभरात साखरपुडा मोडला तर मावशीचा चष्मा सापडायच्या आत मानपान संपला असता. मग देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

दोघं चहा न पिता फोनकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने तो वाजला. दीपाने तो स्पीकरवर टाकला.

"आलं हो आमंत्रण," मावशी म्हणाली. आवाज ओला होता. "खोटं आहे ते कळतं मला, मी काही खुळी नाही. पण आपलं माणूस आपल्याला विसरलं नाही, एवढं बघायचं असतं गं."

राजीवने मनातल्या मनात हात जोडले. आता हळूच, कुणाला न दुखावता, समारंभ पुसून टाकला की सुटलो.

"आणि मी 'येणार' म्हणून कळवलंय," मावशी पुढे म्हणाली. "संजयने लगेच तिकीट काढून दिलं. बुधवारी पोचते. एवढी येतेच आहे तर महिनाभर राहीन म्हणते. राजीव, आता रद्द केलंस, तर मात्र मी खरंच रागावेन."

माणूस खरोखर दारात येऊन उभं राहिलं तर पुढे काय, हे राजीवच्या टेस्टमध्ये कुठेच नव्हतं. दीपा एकीकडे डोळे पुसत होती, एकीकडे हसत होती, आणि त्याला सांगत होती की मावशीला वरचीच खोली लागते, तेव्हा तुझं टेबल आणि दोन्ही मॉनिटर आजच तळघरात ने.