अनुष्काच्या डिग्रीचा बार चार्ट

"चार वर्षांची डिग्री साडेतीन वर्षांत बसवून दाखवतो," असं शैलेंद्र राऊळनं जेवताना जाहीर केलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, मेधानं, फक्त आमटीचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पुष्कळ योजना तिनं आमटीभाताबरोबर गिळल्या होत्या. ज्या मुलीची ही डिग्री होती, ती अनुष्का मोबाइल बघत होती.

शैलेंद्र बहरीनमधल्या एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर. म्हणजे गवंडी कुठल्या मजल्यावर कधी चढणार, प्लंबर कधी येणार, रंगारी कधी जाणार, याच्या आडव्या रंगीत पट्ट्या कॉम्प्युटरवर काढायच्या. या पट्ट्यांच्या कागदाला बार चार्ट म्हणतात. सनद नावाच्या गावाजवळ आठ इमारतींची वसाहत उभी राहत होती, तिचा चार्ट त्याचा. गवंडी त्या चार्टाप्रमाणे चढतात का, हे बघायला दुसरी माणसं होती. शैलेंद्रला वाटे की आयुष्यातला कुठलाही गोंधळ नीट पट्ट्या काढल्या तर मार्गी लागतो, आणि ज्याच्या हातात पट्टी असते त्याला असं वाटणं साहजिक आहे.

पण या वेळी हौस कमी आणि काळजी जास्त होती. अनुष्काचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. पुढची तीन वर्षं सरळ गेली असती तर ती जूनमध्ये पदवीधर झाली असती. आणि चार्ट सांगत होता की वसाहतीचं काम त्याआधीच्या डिसेंबरात संपणार. काम संपलं की कॉन्ट्रॅक्ट संपणार, कॉन्ट्रॅक्टबरोबर व्हिसा जाणार, आणि त्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बायको-मुलीनंही बॅगा भरायच्या. मध्ये सहा महिन्यांची फट राहत होती. त्या फटीत पोरगी इथे एकटी राहणार, हे त्याला मुळीच चालणार नव्हतं. लग्नानंतर फॅमिली व्हिसा मिळेपर्यंतची पाच वर्षं त्यानं स्वतः मनामामध्ये सहा जणांच्या खोलीत काढली होती. एकटं राहणं काय असतं ते त्याला कुणी सांगायला नको होतं.

"तिला खरं कारण सांग की," मेधा म्हणाली.

"नको. उगाच डोक्याला ताप. अभ्यास सोडून पोरगी नोकऱ्यांच्या बातम्या वाचत बसेल."

मग अनुष्कानं विचारलं, "बाबा, व्हाय द हरी?" तेव्हा तो म्हणाला, "वेळ वाचवणं वाईट आहे का?" या प्रश्नाला कोणी 'हो' म्हणत नाही. आईबापांचे बरेच प्रश्न असेच बेतलेले असतात.

विद्यापीठात मुख्य विषयांखेरीज काही सर्वसाधारण विषय घ्यावे लागत. मुलगी कॉम्प्युटर शिको नाहीतर बँकिंग, तिला बहरीनचा इतिहास हवा, मानवी हक्क हवेत, थोडं अरबी हवं. हे सक्तीचे विषय पहिल्या वर्षी झाले होते. आता वेगवेगळ्या गटांतले पाच विषय उरले होते. शैलेंद्रनं हिशोब मांडला. दोन उन्हाळ्यांत दोन-दोन विषय उरकायचे, पाचवा मधल्या एखाद्या सेमिस्टरमध्ये कोंबायचा, की शेवटचं एक सेमिस्टर अख्खं गळून पडतं.

"ही फिनिशिंगची कामं," तो म्हणाला. "मेन इमारत चढत असताना बाजूनं उरकून घ्यायची."

"मी ॲडव्हायझर मॅमना विचारू का?" अनुष्का म्हणाली. "डॉक्टर सुरैया. शी इज नाइस."

"कन्सल्टंटला विचारलं की सहा आठवडे जातात. तू मला विषयांची यादी पाठव, बाकी मी बघतो."

तिनं यादी पाठवली आणि विद्यापीठाच्या वेबसाइटचा आपला पासवर्डही देऊन टाकला. आखातात वाढलेल्या मुलांना याचं काही वाटत नाही. शाळेचा दाखला, रेसिडेंट कार्ड, ड्रायव्हिंगचा अर्ज, जिथे तिथे स्पॉन्सर म्हणून, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर देशात राहायचं तो म्हणून, बापाची सही लागते. त्यात आणखी एक.

आता जे झालं ते नीट ऐका, कारण सगळी मेख इथे आहे. यादीत पाच गट होते आणि प्रत्येक गटात सात-आठ विषय. साइटवरचा नियम असा, की प्लास्टरवाल्यांची टोळी एकदा आली की तिच्याकडून सगळ्या मजल्यांचं प्लास्टर उरकून घ्यायचं. आज प्लास्टर, उद्या फरशी, परवा पुन्हा प्लास्टर असं केलं की माणसं नुसती जिने चढतात. शैलेंद्रनं तोच नियम मुलीला लावला. विज्ञानाच्या गटातले तीन विषय एका दमात घ्यायचे: आखातातलं सागरी जीवन, आहार आणि आरोग्य, वाळवंटी हवामान. डोकं एकदा विज्ञानात शिरलं की शिरलं. उरलेल्या दोन जागी त्यानं भाषणकला आणि चित्रकलेचा इतिहास टाकला. यादीच्या आधी विद्यापीठाच्या हँडबुकात दोन पानं नियम होते. ती पानं अनुष्कानं पाठवली नव्हती, कारण त्यानं फक्त यादी मागितली होती.

नोंदणी सकाळी आठला उघडली. शैलेंद्रनं साइटच्या केबिनमधून आठ वाजून दोन मिनिटांनी पहिले विषय पक्के केले आणि चहा मागवला.

दोन उन्हाळे मुंबईची तिकिटं काढली नाहीत. आजी फोनवर रुसली. जुलैच्या भाजून काढणाऱ्या उन्हात त्यांची सगळी अदलिया वस्ती एसीत दडून बसलेली असताना अनुष्का सागरी जीवनाच्या वर्गाबरोबर पहाटेच तुबलीच्या खाडीत घोटाभर चिखलात उभी राहून खेकडे मोजत होती. ती घरी आली की घराला खाडीचा वास यायचा. त्यानंतर तिनं हामूर मासा खायचं सोडलं. समुद्रात तो उरला नाही, असं ती म्हणाली. मालवणी बापापुढे हे बोलायला धीर लागतो. आहाराच्या विषयात तिनं बापाच्या ताटातला भात मोजला आणि तक्ता करून फ्रिजवर लावला. हवामान शिकली तेव्हापासून मेधाला कपडे कधी वाळत घालायचे तेही तीच सांगू लागली.

"पोरीला गोडी लागलीय," शैलेंद्र म्हणाला. चार्टातल्या पट्ट्या एकेक करून हिरव्या होत होत्या, त्यामुळे तो भाताचा तक्तासुद्धा सहन करत होता.

चौथ्या वर्षाच्या सप्टेंबरात, म्हणजे त्याच्या हिशोबानं शेवटच्या सेमिस्टरच्या सुरुवातीला, अनुष्का पदवीचा अर्ज भरायला गेली. अर्ध्या तासात तिचा फोन आला.

"बाबा, दोन विषय कमी आहेत."

"कसे कमी? पाच झाले. माझ्याकडे हिरवे आहेत."

"प्रत्येक गटातला एकच धरतात. वन फ्रॉम ईच. माझे तीन एकाच गटातले आहेत. त्यातले दोन एक्स्ट्रा. ते पदवीत मोजत नाहीत."

शैलेंद्रनं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. कुठल्याही प्लॅनिंग इंजिनिअरच्या आयुष्यात असा क्षण येतो, पण तो दुसऱ्याच्या चुकीमुळे येतो अशी त्याची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी तो विद्यापीठात हजर झाला. पायात साइटचे बूट, हातात ती जाड फाइल. प्रत्येक आखाती कुटुंबाकडे अशी एक फाइल असते. त्यात जन्माच्या दाखल्यापासून लसीच्या कार्डापर्यंत सगळं शिक्के मारून ठेवलेलं असतं, आणि ती हातात घेतली की माणसाला आपली बाजू खरी वाटू लागते. अनुष्का बाकावर बसली होती. ती उठून मागोमाग केबिनमध्ये आली.

डॉक्टर सुरैया पन्नाशीच्या, शांत. त्यांनी फाइलकडे पाहिलं आणि ती उघडायची गरज नसल्याची खूण केली.

"मी हिचे वडील," शैलेंद्र इंग्रजीत म्हणाला. "आणि स्पॉन्सर. ती माझ्या व्हिसावर आहे."

"वेलकम, मिस्टर शैलेंद्र. बसा. पण मी अनुष्काशी बोलेन. ती वीस वर्षांची आहे." आणि त्या खरोखरच तिच्याकडे वळल्या. "हे विषय तू निवडलेस?"

अनुष्कानं एकदा बापाकडे पाहिलं. "आम्ही निवडले," ती म्हणाली.

त्या 'आम्ही'नं शैलेंद्रला जेवढं लागलं तेवढं मेधाच्या कुठल्याही टोमण्यानं लागलं नव्हतं.

"दोन विषय या सेमिस्टरमध्ये वाढवून मिळणार नाहीत का?" त्यानं विचारलं.

"या सेमिस्टरचे तिचे विषय आधीच मर्यादेपर्यंत भरलेत. जानेवारीत घेईल, जूनमध्ये पदवी. ठरल्या वेळेलाच होईल. घाई कशासाठी आहे?"

घाई कशासाठी, हे गेली दोन वर्षं त्यानं मेधाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. आता एका परक्या बाईंच्या केबिनमध्ये, मुलीच्या देखत, त्याला ते सांगावं लागलं. काम डिसेंबरात संपतंय. कॉन्ट्रॅक्ट जाणार. त्यानंतर आपण इथे नसू, आणि पोर एकटी पडेल, म्हणून.

अनुष्का बापाकडे बघतच राहिली. डॉक्टर सुरैयांनी पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली. "एकटी पडायचं कारण नाही," त्या म्हणाल्या. "विद्यापीठ विद्यार्थ्यांना स्वतः स्पॉन्सर करतं. वसतिगृह आहे. अर्ज मात्र तिलाच करावा लागेल."

दोघं गाडीतून घरी निघाली. सिग्नलला थांबल्यावर अनुष्का म्हणाली, "मला सांगायचंस ना, बाबा."

"तुला त्रास नको म्हणून."

"सांगितलं असतंस तर मी हँडबुक वाचलं असतं." थोडं थांबून ती म्हणाली, "मला वाटायचं तुला मी लवकर संपायला हवीय. लाइक अ बिल्डिंग."

सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला, आणि त्यानं गाडी पुढे घेतली. घरी आल्यावर तो मेधाला म्हणाला, "माझं चुकलं." मेधानं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं, हे या कथेतलं सर्वांत मोठं आश्चर्य.

पुढचे दोन महिने त्यानं पट्ट्या काढल्या नाहीत, पण याद्या केल्या. एकटीनं राहताना काय करावं: गॅस बंद, दाराला कडी, सोमवारी आणि गुरुवारी फोन. अनुष्कानं याद्या घेतल्या, हँडबुक वाचलं, अर्ज भरला, वैद्यकीय तपासणीला गेली, ठसे दिले. कुठेही बापाला बोलावलं नाही. तो प्रत्येक वेळी "येऊ का?" म्हणून विचारी आणि ती "नको रे, मी जाते" म्हणे. ती दाराबाहेर पडली की तो गॅलरीत जाऊन ती टॅक्सीत बसेपर्यंत उभा राही. टॅक्सी निघाली की त्याच्याकडे करायला काहीच उरत नसे.

नोव्हेंबरच्या शेवटी साइटवर मीटिंग झाली. इमारतींच्या काचा आल्या नव्हत्या, लिफ्ट बंदरात अडकल्या होत्या, आणि वीजजोडणीचा कागद कुठल्या टेबलावर आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "शैलेंद्र, नवा चार्ट कर." त्यानं केला. वसाहतीची तारीख पुढच्या डिसेंबरावर गेली. त्याचं कॉन्ट्रॅक्टही एक वर्षानं वाढलं.

तो कंपनीच्या तुबलीतल्या ऑफिसात गेला. तिथे अँब्रोज बसायचा. वसईचा माणूस, पंचवीस वर्षं बहरीनमध्ये, सगळ्या स्टाफच्या व्हिसाची कागदपत्रं त्याच्या कपाटात.

"वर्षभर वाढलं रे," शैलेंद्र म्हणाला.

"मग? आम्हाला दोन वर्षांपासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हे डिसेंबरात संपत नाही म्हणून. ड्रायव्हरला माहीत, स्टोअरवाल्याला माहीत. अरे, कुठलं काम वेळेवर संपलेलं बघितलंस तू इथे? मी तर माझ्या बायकोला, फ्लोरीला, घराचा भाडेकरार दोन वर्षांचा कर म्हटलं."

"मग मला का नाही बोललास?"

"तू चार्ट केलेलास. चार्ट करणाऱ्या माणसाला कोण सांगणार?"

अख्ख्या कंपनीत त्या चार्टावर एकाच माणसाचा विश्वास होता, आणि त्या माणसानं त्याच्यापायी दोन उन्हाळे, आजीचा आनंद आणि मुलीचे दोन विषय फुकट घालवले होते. तरी त्या संध्याकाळी तो जवळजवळ धावतच घरी आला. ताटं मांडली जात होती.

"आपण इथेच आहोत," तो दारातूनच म्हणाला. "वर्षभर. अनुष्का, तो अर्ज मागे घे. वसतिगृह नको, काही नको."

"वसतिगृह कॅन्सल करते," अनुष्का म्हणाली. "पण व्हिसाचं काम खलास झालं, बाबा. नवा व्हिसा सकाळीच आला."

तिनं मोबाइल पुढे केला. तिचं नाव, तिचा फोटो, आणि स्पॉन्सरच्या रकान्यात विद्यापीठाचं नाव. गेली एकोणीस वर्षं त्या रकान्यात त्याचं नाव होतं.

"तो पुन्हा माझ्याकडे घेता येईल," तो म्हणाला. "अँब्रोजला सांगतो."

"नको ना. राहू दे." ती हसली. "राहणार इथेच आहे. जेवणार पण इथेच. जस्ट, हे माझं मी केलंय."

मेधानं भात वाढला, तक्त्यात लिहिला होता तेवढाच. शैलेंद्रनं आणखी मागितला नाही. त्याला वाईट वाटत होतं आणि पोरीचा अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकदम वाटत असताना माणसाला फार जेवण जात नाही.

रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, तो स्वतःच्या व्हिसाचा अर्ज भरायला अँब्रोजपुढे बसला. आपल्या व्हिसावर किती माणसं, या प्रश्नापुढे त्यानं सवयीनं दोन लिहिलं, मग ते खोडून एक केलं. अँब्रोजनं कागद उलटा फिरवून पाहिला.

"काय रे, मुलगी गेली इंडियाला? डिग्री झाली?"

"डिग्री अजून सहा महिने आहे," शैलेंद्र म्हणाला आणि खाली बघून सही केली. "मुलगी आधीच पूर्ण झाली."